अकरा दिवसांचा पाऊस आणि शंभर वर्षांचा लोणा : मोहेंजोदडोच्या आपत्कालीन निधीचे प्रकरण

२०२२ च्या १६ ते २६ ऑगस्ट या अकरा दिवसांत सिंधमधील मोहेंजोदडो येथे ७७९.५ मिलिमीटर पाऊस पडला. पुण्यात साधारणपणे सबंध वर्षात पडतो तेवढा हा पाऊस अशा ठिकाणी पडला, जिथे वर्षाची सरासरी शंभर-सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास असते. स्थळाच्या व्यवस्थापनाने महिनाअखेरीस पाठवलेल्या पत्रात बौद्ध स्तूपाच्या घुमटाभोवतीच्या संरक्षक भिंतीसह अनेक भिंती अंशतः कोसळल्याचे कळवले. अवशेषांतला मुनीर नावाचा भाग, स्तूपाचा परिसर आणि महास्नानगृह यांचीही बरीच हानी झाल्याचे त्यात नमूद होते. सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अंतोनियो गुतेरेस पूरग्रस्त भागाच्या दौऱ्यात येथे येऊन गेले. त्याच महिन्यात युनेस्कोने आपल्या वारसा आपत्कालीन निधीतून पाकिस्तानातील पूरबाधित सांस्कृतिक स्थळांसाठी साडेतीन लाख डॉलर जाहीर केले. त्या वेळच्या दराने ही रक्कम भारतीय चलनात पावणेतीन कोटींच्या घरात जाते.

संकट आले, जगाने दखल घेतली आणि महिनाभरात मदत जाहीर झाली, एवढ्यावर हे प्रकरण संपले असे वाटू शकते. मदत वेळेवर जाहीर झाली यात शंका नाही आणि ज्यांनी ती मिळवली त्यांचे श्रेय कमी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु पैसा ज्या कारणासाठी मिळाला तेवढ्याच कारणाने भिंती पडल्या असे मानणे मला पटत नाही. पाऊस हे शेवटचे निमित्त होते. भिंती त्याआधी कित्येक दशके आतून झिजत होत्या, आणि या झिजेसाठी जागतिक वारसा निधीच्या आपत्कालीन साहाय्याच्या नियमांत तरतूद नाही, उलट ती स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे.

स्थळ आणि त्याच्याशी जोडलेली मराठी नावे

मोहेंजोदडो लारकाना जिल्ह्यात, सिंधू नदीच्या पश्चिम काठावर आहे. इसवी सनापूर्वी २५०० च्या सुमारास भरभराटीला आलेल्या या नगराचा सुमारे २४० हेक्टरांचा परिसर १९८० मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. त्याचा फार तर एक तृतीयांश भाग उत्खनित आहे. १९६४-६५ मधील अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांच्या कामानंतर येथे मोठे उत्खनन झालेले नाही, कारण जे उघडे केले तेच सांभाळणे अवघड होऊन बसले होते.

मराठी वाचकाला या स्थळाचा इतिहास परका नाही. पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम मंडळाचे देवदत्त रामकृष्ण भांडारकर १९११-१२ मध्ये येथे आले होते. विटा आधुनिक धाटणीच्या दिसत असल्याने हे अवशेष दोनशे वर्षांपेक्षा जुने नसावेत, असा अभिप्राय त्यांनी नोंदवला. त्यानंतर दहा वर्षांनी राखालदास बॅनर्जी यांनी उत्खनन सुरू केले आणि सप्टेंबर १९२४ मध्ये पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे प्रमुख जॉन मार्शल यांनी सिंधू संस्कृतीचा शोध जगापुढे मांडला. भांडारकरांच्या त्या अभिप्रायावर पुढे पुष्कळ टीका झाली. माझ्या मते त्यात एक साक्षही दडलेली आहे. साडेचार हजार वर्षांची वीट एका जाणकार विद्वानाला दोनशे वर्षांची वाटावी इतकी ती जमिनीत सुस्थितीत राहिली होती. आज त्याच विटा बोटाने खरवडल्या तर भुकटी होऊन गळतात.

पंढरपूरला जन्मलेले काशिनाथ नारायण दीक्षित यांनी १९२४-२५ च्या हंगामात येथे खोदकाम केले. स्थळाच्या एका विस्तृत भागाला त्यांच्या नावावरून आजही डीके विभाग म्हणतात. ‘पुरोहित राजा’ म्हणून पाठ्यपुस्तकांतून सर्वांना माहीत असलेली साडेसतरा सेंटिमीटर उंचीची मूर्ती त्यांच्याच कामात हाती आली. दीक्षित पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. मूर्ती कराचीच्या राष्ट्रीय संग्रहालयात सुरक्षित आहे. ती जिथे सापडली तिथल्या भिंती मात्र उघड्यावर आहेत.

भिंत आतून कशी झिजते

जुन्या वाड्यात राहिलेल्यांना भिंतीला लोणा लागणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. जोत्यापासून हात-दीड हात उंचीपर्यंत पांढरा थर दिसू लागतो, गिलावा फुगतो आणि मग विटेचे पापुद्रे सुटू लागतात. मोहेंजोदडोत हेच घडते, पण फार मोठ्या प्रमाणावर आणि फार तीव्र हवामानात.

१९३२ मध्ये सिंधू नदीवरील सक्करचा बंधारा सुरू झाला आणि उजव्या काठावर कालव्यांच्या पाण्यावर भाताची शेती वाढली. या शेतीवर लाखो लोकांचे पोट चालते, त्यामुळे तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या पाण्यामुळे भूजल मात्र वर आले. हे खारे पाणी विटेतील सूक्ष्म छिद्रांतून वर चढते, पृष्ठभागापाशी आल्यावर सुकते आणि आपले क्षार मागे ठेवून जाते. त्यांत सोडियम सल्फेट मुख्य आहे. हा क्षार कोरडा असताना कमी जागा घेतो. हवेत ओलावा आला की तो प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दहा रेणू धरून ठेवतो आणि कित्येक पटींनी फुगतो. दुपारी सुकायचे आणि रात्री किंवा पहाटे फुगायचे हे चक्र वर्षानुवर्षे चालू राहिले की विटेच्या तोंडाचे कण एकमेकांपासून सुटतात. येथील उन्हाळा किती कडक असतो याची कल्पना यावी म्हणून एक नोंद पुरेशी आहे: २६ मे २०१० रोजी येथे ५३.५ अंश सेल्सिअस तापमान होते.

विटा भाजलेल्या आहेत, पण बहुतेक बांधकामातील जोडमाल मातीचा आहे. त्यामुळे क्षाराने विटेचे तोंड झिजले की दरजा (विटांमधले सांधे) उघड्या पडतात. अशा दरजांवर अकरा दिवस संततधार लागली तर माती धुऊन जाते, भिंतीच्या माथ्यावरून पाणी गाभ्यात शिरते, वजन वाढते आणि ज्या बाजूचा पाया आधीच पोकळ झालेला असतो त्या बाजूला भिंत कलते. ऑगस्ट २०२२ मध्ये कोणती भिंत पडेल आणि कोणती उभी राहील हे ठरवताना तिच्या आधीच्या वीस-तीस वर्षांच्या देखभालीचा वाटा पावसाइतकाच मोठा होता, असे मला वाटते.

त्या दिवसांतली आणखी एक बाब स्थळाच्या अधिकाऱ्यांनी नोंदवली आहे. आसपासचे जमीनदार, शेतकरी आणि गावकरी यांनी आपल्या शेतांत तुंबलेले पाणी काढण्यासाठी पाइप टाकले, रस्ते आणि कालवे फोडले आणि ते पाणी स्थळाच्या चरांकडे वळवले. ज्याचे पीक आणि घर पाण्याखाली आहे त्याच्याकडून दुसऱ्या वागणुकीची अपेक्षा करणे कठीण आहे. पण परिसराचा निचरा आणि स्थळाचा निचरा यांचा एकत्र आराखडा नसेल तर नुसत्या भिंती दुरुस्त करून पुढच्या पुरात काय होईल याचे उत्तर या नोंदीतच आहे.

१९७४ ते १९९७

हा धोका कोणाला माहीत नव्हता असे नाही. संवर्धनशास्त्रज्ञ हॅरल्ड प्लेंडरलीथ यांच्या सहभागाने युनेस्कोचे पथक १९६४ मध्ये येथे आले होते. १९७४ मध्ये युनेस्कोचे महासंचालक रने माहू यांनी जगाला मदतीचे आवाहन केले आणि आंतरराष्ट्रीय मोहीम उभी राहिली. भूजलाची पातळी खाली आणण्यासाठी स्थळाभोवती कूपनलिकांचे कडे, सिंधूचा प्रवाह काठापासून दूर ठेवण्यासाठी नदीत आडवे बांध आणि प्रत्यक्ष अवशेषांचे जतन अशी तीन अंगे तिला होती. नदीचा बंदोबस्त हे त्यातील टिकाऊ काम ठरले. आखेनच्या तांत्रिक विद्यापीठातील मायकेल यान्सेन यांच्या पथकाने १९७९ पासून जे भिंतनिहाय दस्तऐवजीकरण केले, त्याचे मोल तर पैशात करता येणार नाही.

कूपनलिकांचे मात्र तसे झाले नाही. पंप बसवायला एकदाच पैसा लागतो, चालवायला रोज लागतो. वीज, दुरुस्ती आणि माणसे यांचा खर्च संपत नाही, आणि उपसा पुढे कायम सुरू ठेवता आला नाही. डिसेंबर १९९६ मध्ये तर पाकिस्तान सरकार आणि आंतरराष्ट्रीय संस्था या दोहोंकडून येणारा पैसा थांबल्याने जतनाचे कामच बंद पडले. ते एप्रिल १९९७ मध्ये युनेस्कोने दिलेल्या निधीतून पुन्हा सुरू झाले. कागदोपत्री चार-पाच महिन्यांचा हा खंड किरकोळ वाटतो. परंतु सिंधमध्ये हिवाळ्यातच रात्रीचा गारवा आणि दुपारचे ऊन यांतला फरक क्षारांना सर्वाधिक काम करू देतो, आणि हाच काळ मातीकाम करण्यासाठीही योग्य असतो. म्हणजे वर्षातला नेमका उपयोगाचा हंगाम वाया गेला.

घटनादुरुस्तीनंतर २०११ मध्ये स्थळाची जबाबदारी पाकिस्तानच्या केंद्र सरकारकडून सिंध प्रांताकडे आली. मोहेंजोदडोसाठी स्वतंत्र राष्ट्रीय निधीही अस्तित्वात आहे. तरीही रोजच्या देखभालीचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही, हे २०२२ ने दाखवले.

‘आपत्कालीन’ कशाला म्हणायचे

अशा प्रसंगी दोन वेगळ्या खिशांतून पैसा येऊ शकतो. पहिला खिसा १९७२ च्या जागतिक वारसा करारातून निर्माण झालेल्या निधीचा. सदस्य देश युनेस्कोच्या नियमित अंदाजपत्रकाला जेवढे देतात त्याच्या एक टक्क्यापर्यंत या निधीला देतात, त्यामुळे त्याचा आकार मुळातच लहान आहे आणि यादीत एक हजाराहून अधिक स्थळे आहेत. यातील आपत्कालीन साहाय्यासाठी पाच हजार डॉलरपर्यंतची मागणी जागतिक वारसा केंद्राचे संचालक, पंचाहत्तर हजारांपर्यंतची जागतिक वारसा समितीचे अध्यक्ष आणि त्यापुढची स्वतः समिती मंजूर करते. पंचाहत्तर हजारांपर्यंतचा अर्ज वर्षात केव्हाही करता येतो, ही त्याची मोठी सोय. दुसरा खिसा २०१५ मध्ये युनेस्कोने स्थापन केलेल्या वारसा आपत्कालीन निधीचा. त्यात कतार, नॉर्वे, कॅनडा आदी देश स्वेच्छेने पैसा घालतात, आणि युद्ध किंवा नैसर्गिक आपत्ती आली की तो वापरला जातो. मोहेंजोदडोसह सिंधमधील स्थळांना २०२२ मध्ये मिळालेले साडेतीन लाख डॉलर याच खिशातले.

पहिल्या निधीच्या कार्यनियमांतील एक वाक्य या प्रकरणाच्या मुळाशी आहे. जमीन खचणे, मोठ्या आगी, स्फोट, पूर किंवा युद्धासारख्या अचानक व अनपेक्षित घटनेने स्थळाला झालेली किंवा होऊ घातलेली गंभीर हानी म्हणजे आपत्ती, असे नियम सांगतात. हळूहळू होणारा ऱ्हास, प्रदूषण किंवा धूप यांमुळे झालेल्या हानीला हे साहाय्य लागू नाही, असेही ते त्याच ठिकाणी सांगतात.

नियम करणाऱ्यांची अडचण समजण्यासारखी आहे. झिजत नाही असे प्राचीन स्थळ जगात एकही नसेल, आणि झीज ही आपत्ती मानली तर हा लहानसा निधी एका वर्षात संपेल. शिवाय देखभाल हे त्या त्या सरकारचे कर्तव्य असून ते युनेस्कोवर ढकलले जाऊ नये, हा विचारही योग्यच आहे. परंतु या नियमाचा प्रत्यक्ष परिणाम असा होतो की निव्वळ झिजेसाठी, भिंत पडेपर्यंत, आपत्कालीन पैसा मागता येत नाही आणि पडल्यावर जो मिळतो त्यातून मूळची भिंत परत येत नाही. वीट पुन्हा रचता येते. तिच्या खालची अस्पर्श माती, तिच्या थरांचा क्रम आणि कारागिराने भरलेली दरज एकदा धुऊन गेली की कोणत्याही रकमेत मिळत नाही.

त्यावर एक वाट नियमांतच आहे. धोक्यातील जागतिक वारसा यादीत नाव आले की साहाय्यात अग्रक्रम मिळतो. मोहेंजोदडोचे नाव त्या यादीत नाही. २०२२ च्या पावसानंतर वारसा दर्जाच जाईल की काय अशी भीती स्थळावरून व्यक्त झाली होती, आणि तिच्यातून धोक्याच्या यादीकडे पाहण्याची आपल्याकडची रीतही कळते. ही यादी म्हणजे बदनामी असे सरकारांना वाटते. आपल्याला जवळचे उदाहरण हंपीचे आहे. पुलांच्या बांधकामामुळे हंपी १९९९ मध्ये त्या यादीत गेले, उपाय झाले आणि २००६ मध्ये ते बाहेर आले. लाहोरचा किल्ला व शालिमार बाग यांनाही २००० पासून २०१२ पर्यंत त्या यादीत राहून बाहेर येता आले. दोन्ही स्थळांचा मान कमी झाल्याचे दिसत नाही.

पाऊस ओसरल्यावर

त्या पुरात पाकिस्तानभर सतराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे तीन कोटी तीस लाख लोकांना त्याची झळ बसली. अशा वेळी विटांसाठी पैसा मागावा का, असा प्रश्न कोणीही विचारील आणि तो विचारलाच पाहिजे. मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर खर्चाच्या स्वरूपात शोधावे. मोहेंजोदडोतील तातडीच्या कामात महागडी यंत्रे फारशी लागत नाहीत. क्षार नसलेली माती शोधून आणणे, ती भिजवून मुरवणे, भिंतीच्या माथ्यावर कच्च्या विटांचे व मातीचे आच्छादन घालणे, पायथ्याशी मातीचा लेप देणे, चर मोकळे करणे, कललेल्या भिंतींना टेकू देणे ही सगळी हाताची कामे आहेत. यातला बराचसा पैसा मजुरी म्हणून आसपासच्या गावांतच राहतो. पीक गेलेल्या कुटुंबाला अशा वेळी रोजगाराची जेवढी गरज असते, तेवढीच स्थळाला हातांची असते.

लेपाचे काम जवळून समजून घेण्यासारखे आहे. विटेच्या क्षारलेल्या भागावर ओल्या मातीचा जाड थर चढवतात. तो सुकताना पाणी विटेतून मातीकडे ओढले जाते, पाण्याबरोबर क्षारही येतात आणि त्यांचे स्फटिक विटेच्या तोंडाऐवजी मातीत तयार होतात. फुटते ती माती. मग ती खरवडून दूर नेऊन टाकायची आणि नवा थर द्यायचा. खरवडलेली माती भिंतीच्या पायाशीच पडू दिली तर पहिल्या पावसात क्षार पुन्हा आत जातात आणि सगळी मेहनत फुकट जाते. हे काम एकदा करून भागत नाही. कौलारू घराची शाकारणी जशी दर उन्हाळ्यात करावी लागते, तसेच याचे आहे. एखाद्या वर्षी ती चुकली तर छप्पर लगेच पडत नाही, पण गळती कुठून सुरू झाली हे नंतर शोधावे लागते.

दुरुस्तीच्या कामात प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञ हजर असणे किती आवश्यक आहे, हे नोव्हेंबर २०२३ मध्ये दिसून आले. स्तूपाच्या परिसरात कोसळलेल्या भिंतीचे काम चालू असताना मजुरांना तांब्याच्या नाण्यांचे भांडे सापडले. गंजून एकमेकांना चिकटलेल्या त्या गोळ्याचे वजन साडेपाच किलोच्या आसपास होते, आणि त्यात एक हजाराहून अधिक नाणी असावीत असा प्राथमिक अंदाज होता. ही नाणी कुषाण काळातली, म्हणजे मूळ नगर उजाड झाल्यानंतर दीड-दोन हजार वर्षांनी त्याच टेकाडावर स्तूप उभारणाऱ्या लोकांच्या काळातली. काम पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली असल्याने ही नाणी जागेवर नोंदवली गेली आणि जतनासाठी प्रयोगशाळेकडे गेली. केवळ बांधकाम ठेकेदाराला काम देऊन मोकळे झाले असते तर त्यांचे काय झाले असते हे सांगवत नाही. आपत्कालीन अंदाजपत्रकात माती, विटा आणि मजुरी यांच्याबरोबर पुरातत्त्वज्ञाचे आणि छायाचित्रकाराचे मानधन धरलेच पाहिजे. खर्च कापण्याची वेळ आली की सहसा हेच आधी कापले जाते.

मागणी कशी मांडावी

या प्रकरणातून निघणारा व्यवहार्य मुद्दा मागणीच्या मांडणीचा आहे. नियमात ‘होऊ घातलेली’ हानीही समाविष्ट आहे, आणि तेवढ्या जागेतून पुष्कळ काही करता येते. एखादी भिंत इतके अंश कललेली आहे, तिच्या माथ्याचे आच्छादन गेलेले आहे, पायथ्याची वीट इतकी खोल झिजली आहे, हवामान खात्याचा हंगामी अंदाज असा आहे आणि म्हणून येत्या पावसाळ्यात ती पडण्याचा धोका आहे, असे मोजमापासह मांडले तर ती तक्रार ‘हळूहळू होणाऱ्या ऱ्हासाची’ राहत नाही. त्यासाठी प्रत्येक भिंतीची दर वर्षीची नोंद हवी. यान्सेन यांच्या पथकाने केलेले दस्तऐवजीकरण आधाररेषा म्हणून हाती आहे. त्याच्याशी आजची स्थिती ताडून पाहण्यासाठी छायाचित्रे आणि साधी मोजमापेही बरेच काम करतील.

झिजेसाठीचा पैसा याच वारसा निधीच्या दुसऱ्या शीर्षाखाली, म्हणजे संवर्धन व व्यवस्थापन साहाय्याखाली मागता येतो. तिथे अध्यक्षांच्या मंजुरीची मर्यादा तीस हजार डॉलरच आहे आणि अर्ज वर्षातून एकदा ठरलेल्या मुदतीत करावा लागतो. रक्कम लहान आहे, पण मातीच्या कामाला ती लहान नाही. मोठ्या देणग्या आल्या की त्यांतला एक भाग स्थळाच्या राष्ट्रीय निधीत मुद्दल म्हणून बाजूला टाकावा आणि व्याजातून दरसालची मातीकामे चालावीत, असे मला वाटते. १९९६ सारखा खंड टाळण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग दिसत नाही. देणगीदारांना उद्घाटनाचा फलक लावता येईल असे काम आवडते, हे खरे. तरीही महाराष्ट्रातील दाइमाबादच्या उत्तरकालीन हडप्पा वस्तीमुळे सिंधूचा धागा प्रवरेच्या काठापर्यंत आलेला आहे, आणि इतक्या दूरवर पोहोचलेल्या संस्कृतीच्या मूळ नगरासाठी फलकाविना पैसा देणारे लोक मिळणार नाहीत, असे मानायला माझे मन तयार होत नाही.

उरतो वेळापत्रकाचा प्रश्न, आणि तो रकमेइतकाच महत्त्वाचा आहे. सिंधमध्ये मोसमी पाऊस जुलैत येतो. माती आणायला, मुरवायला, माथे झाकायला आणि थर पुरते वाळायला तीन महिने सहज लागतात, आणि मे-जूनच्या उन्हात भर दुपारी काम होऊ शकत नाही. त्यामुळे मंजूर झालेला पैसा मार्चच्या आत स्थळाच्या हाती पडला, तरच तो त्या वर्षीच्या पावसाआधी भिंतींवर चढतो.